स्प्रिंगची बाजू

कुठल्याही कचेरीत काम करणारा एक असतो आणि आवाज करणारा दुसरा. बढती दुसऱ्याला मिळते. हा शोध माझा आहे असं मी म्हणत नाही; वीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे बसलेल्या कोणत्याही बी.कॉम. माणसाला तो आपोआप लागतो. (२०२४ च्या वेतनकरारानंतर आम्हाला क्लार्क न म्हणता 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' म्हणतात. काम तेच आहे, फक्त पाटी लांब झाल्यामुळे ती पुसायला वेळ जास्त लागतो.) मात्र या तत्त्वाचा लोखंडी पुरावा मला आमच्या साताऱ्याच्या शाखेत मिळाला नाही. तो मिळाला अमेरिकेत, न्यू जर्सीत, माझ्या बहिणीच्या घरी, गॅरेजच्या दारात. तेव्हापासून मी त्या दाराच्या स्प्रिंगचं वकीलपत्र घेतलं आहे. अशील गरीब आहे, फी मिळणार नाही, पण बाजू खरी आहे.

आधी गॅरेज म्हणजे काय ते सांगायला हवं. आपल्याकडे गॅरेज म्हणजे स्कूटर दुरुस्तीला टाकून आपण जिथून पायी घरी येतो ती जागा. अमेरिकेत गॅरेज ही घराचीच एक खोली असते. तिच्यात मोटारगाडी ठेवावी अशी मूळ कल्पना. प्रत्यक्षात तिच्यात जुने सोफे, रिकामी खोकी, गवत कापायचं यंत्र, एक न वापरलेली व्यायामाची सायकल आणि भारतातून येणाऱ्या पाहुण्यांच्या बॅगा असतात, आणि उरलेल्या जागेत गाडी पोट आत घेऊन उभी राहते. दोन गाड्यांच्या गॅरेजला साधारण १६ फूट रुंद आणि ७ फूट उंच असं एकच अवाढव्य दार. ते आपल्या दारासारखं बाजूला उघडत नाही. आडव्या चार फळ्या बिजागऱ्यांनी एकमेकींना जोडलेल्या, दोन्ही कडांना छोटी चाकं, चाकं रुळात. बटण दाबलं की दार रुळावरून वर चढतं, वाकतं आणि छताखाली आडवं निजतं. गाडीत बसल्या बसल्या, काचेसुद्धा खाली न करता, मालक घरात शिरतो. शेजारी गेली अकरा वर्षं शेजारी आहेत, पण चेहऱ्यानं ओळखत नाहीत, याचं कारण हे दार.

आता असं दार वजनाला किती भरतं? पत्रा, आतलं थंडी अडवणारं अस्तर, सगळं धरून ७० ते १०० किलो सहज. म्हणजे आमचे ब्रँच मॅनेजर आणि वर त्यांची ब्रीफकेस. हे ओझं वर कोण उचलतं? कुणालाही विचारा, मोटार दाखवतील. छताच्या मध्यभागी ती लटकलेली असते, दिवा मिरवते, गुरगुरते. त्या घरात मी सातजणांना हा प्रश्न विचारला. (पाच घरचे, दोन सत्यनारायणाला आलेले.) सातही जणांनी मान वर करून मोटारीकडे बोट दाखवलं.

साफ चूक. दार उचलते ती स्प्रिंग.

दाराच्या वर, भिंतीला लागून एक लोखंडी दांडा असतो. त्याच्याभोवती एक किंवा दोन जाड स्प्रिंगा पीळ भरून बसवलेल्या असतात. दार खाली येतं तेव्हा त्या आणखी पिळल्या जातात आणि दाराचं वजन स्वतःच्या अंगात साठवून ठेवतात. दार वर निघालं की साठवलेलं सगळं परत करतात. ठेव घेतली, मागताक्षणी परत दिली, आणि पासबुकात नोंदसुद्धा करून मागितली नाही. स्प्रिंग नीट बसवलेली असेल तर ते शंभर किलोंचं दार म्हातारं माणूस एका हातानं उचलू शकतं, कारण हाताला चार-पाच किलोंच्या वर भार लागत नाही. मोटारीचं काम एवढंच, की 'चला, निघा आता' असं म्हणून दाराला थोडं ढकलायचं आणि वरच्या टोकाला 'थांबा' म्हणायचं. आमच्या शाखेत हे काम करणाऱ्याला स्वतंत्र केबिन आहे.

कुणाला शंका असेल तर इतिहास बघावा. वर सरकणारं हे दार अमेरिकेत सी. जी. जॉन्सन नावाच्या गृहस्थांनी १९२१ मध्ये आणलं आणि त्याला विजेवर उघडणारं यंत्र जोडलं १९२६ मध्ये. मधली पाच वर्षं दार काय बंदच होतं? माणसं ते हातानंच उचलत होती ना! मोटार उशिरा आली, वर बसली आणि सगळं श्रेय घेऊन गेली.

एवढ्या दूर जायचीही गरज नाही. आमच्या शाखेचं रोलिंग शटर पाहा. सकाळी शिपाईमामा कुलूप काढतात, खाली वाकतात, दोन हातांनी शटर कमरेपर्यंत आणतात आणि मग एक हलकासा धक्का देतात. पुढचं सगळं शटर आपणहून सरसर वर जातं. खाली उभ्या असलेल्या पेन्शनरांना वाटतं, काय ताकद आहे मामांच्या मनगटात! ती ताकद वरच्या खोक्यातल्या, कुणाला न दिसणाऱ्या स्प्रिंगेची असते. मामांना हे ठाऊक आहे. दर दिवाळीला ते स्टुलावर चढून तिला तेल देतात. शाखेच्या खर्चाच्या नोंदीत त्या तेलाला आजवर जागा मिळालेली नाही. ते मामा घरून आणतात.

आता न्यू जर्सी. आमची आई सहा महिन्यांसाठी ताईकडे गेली होती आणि तिला परत आणायला मी गेलो. (बँकेची एल.एफ.सी. परदेशाला चालत नाही. तिकीट दाजींनी काढलं. तेव्हा यापुढे दाजींविषयी मी जे काही लिहीन ते कृतज्ञतेच्या भावनेनंच लिहितो आहे, असं समजावं.) तिकडे बऱ्याच घरांत गॅरेजच्या डोक्यावर निजायची खोली असते. कुठल्या तरी वास्तुविशारदाला वाटलं असावं, की गाडी शांत झोपते, तिच्यावर माणसालाही झोपवायला हरकत नाही. त्या खोलीत आई आणि शेजारच्या खोलीत मी. भाचा इस्पितळात नोकरीला, पाळी दुपारची, घरी परतायची वेळ रात्री एक. पहिल्याच रात्री एक वाजता माझा पलंग हलला. आधी घरघर, मग खडखड, मग कुणीतरी पत्र्याची पेटी जिन्यावरून ओढतंय असा आवाज, आणि शेवटी धाडकन् एक ठोका. मी उठून आईच्या खोलीत गेलो. ती अंथरुणात बसून जप करत होती.

"रोजचं आहे," ती म्हणाली. "मला पहिल्यांदा वाटलं, एवढ्या रात्री जातं घेऊन कोण बसलंय."

सकाळी दाजींपुढे मी विषय काढला. आमच्याकडे बहिणीच्या नवऱ्यापुढे विषय काढायचा तर आधी चहाची स्तुती करावी लागते. ती केली.

"अरे, त्याचा बंदोबस्त मी कधीच केला," दाजी म्हणाले. "मोटारच बदलून टाकली. आता सव्वा हॉर्सपॉवरची आहे. आधीची अर्धीच होती."

"अर्धी दार उचलत नव्हती का?"

"उचलत होती. पण फार आवाज करायची."

"आणि ही?"

"ही बिनआवाजी आहे. खोक्यावरच लिहिलंय तसं."

खोक्यावर लिहिलेलं खरं होतं, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो. मोटार खरोखरच बिनआवाजी होती. आवाज दार करत होतं. पण दार विकत घेताना खोकं मिळत नाही, त्यामुळे दाजींनी ते वाचलेलं नव्हतं.

माझं भांडण आहे ते इथं. दाजींशी नाही, दाजी हे निमित्त आहेत. भांडण आहे ते, घरात काहीही खडखडलं की तेल न घालता मोटार आणणाऱ्या समस्त जातीशी. मिक्सर अडखळला? मोठा मिक्सर. पंखा कुरकुरला? नवा पंखा. शाखेत काम तुंबलं? आणखी एक डेप्युटी मॅनेजर. बिजागरीत दोन थेंब टाकावेत, ढिला झालेला नट आवळावा, हे या लोकांच्या डोक्यात येत नाही. कारण तेलाच्या डबीला रिमोट नसतो आणि ती आणल्याचं पाहुण्यांना सांगता येत नाही. सव्वा हॉर्सपॉवर सांगता येतं. ते सांगताना दाजींची छाती साधारण तेवढ्याच प्रमाणात फुगली होती.

अशा मोटारी विकणारे लोक काय विचारतात? तुम्हाला किती अश्वशक्ती हवी? मोबाईलवरून उघडायची का? कॅमेरा हवा का? दार किती वर्षांचं आहे, त्याची चाकं लोखंडी आहेत की नायलॉनची, स्प्रिंग शेवटची कधी बदलली, हे विचारणारा विक्रेता मला त्या सहा आठवड्यांत भेटला नाही, आणि दाजींबरोबर मी तीन दुकानं फिरलो. डॉक्टरांनी नाडी न बघता थेट 'कितीचं ऑपरेशन करू?' असं विचारावं, तसा हा प्रकार.

मोटारी-मोटारींत फरक नसतो असं मात्र मी म्हणणार नाही. दाराला ओढणारी साखळी असेल तर ती सायकलच्या साखळीसारखी वाजते. स्वस्त असते, टिकते, पण वाजते. साखळीऐवजी रबरी पट्टा असेल तर आवाज खूपच कमी. मोटार डी.सी. असेल तर ती हळू सुरू होते, हळू थांबते, दाराला हिसका बसत नाही. आणि एक प्रकार छताला लटकतच नाही; तो भिंतीवर, दांड्याच्या टोकाशी बसतो आणि दांडाच फिरवतो. वर कुणी झोपत असेल तर हा सगळ्यांत बरा, कारण छतालाच हात नाही तर पलंग कसा हलेल? नवं घ्यायचंच असेल तर डोक्यावर माणूस झोपणाऱ्यानं पट्ट्याचं किंवा भिंतीवरचं घ्यावं, चार पैसे जास्त पडले तरी. पण हे सगळं नंतर. आधी दार.

दाराची परीक्षा अगदी सोपी आहे. मोटारीच्या रुळावरून एक लाल मुठीची दोरी लोंबत असते. पुष्कळ घरांत ती दिव्याची दोरी समजून मुलं तिला लोंबकळतात. दार बंद असताना ती ओढली की मोटार आणि दार यांची फारकत होते. (दार बंद असतानाच, बरं का. उघडं असताना ओढलीत आणि स्प्रिंग तुटलेली असेल, तर शंभर किलो बोलता बोलता डोक्यात येतील.) मग दार हातानं अर्ध्यापर्यंत उचलायचं आणि सांभाळून हात सैल करायचा. दार जिथल्या तिथं थांबलं तर स्प्रिंग शाबूत. खाली बसायला लागलं तर स्प्रिंग थकली. वर पळालं तर पीळ जास्त झाला.

एका रविवारी, दाजी व्यायामाच्या सायकलवर बसून पहारा देत असताना, भाच्यानं आणि मी ती परीक्षा घेतली. दार अर्ध्यावर आणेपर्यंत आम्हा दोघांच्या कपाळावर घाम. हात सैल करताच दार गुडघ्यांच्या दिशेनं निघालं. आम्ही ते टेकवलं.

"बघा," मी दाजींना म्हणालो, "स्प्रिंगनं केव्हाच राजीनामा दिलाय. तुमची सव्वा हॉर्सपॉवर एकटी हमाली करते आहे."

"म्हणजे बघ, मोठी मोटार घेतली ते किती बरं झालं!" दाजी म्हणाले.

या उत्तरापुढे मी दोन मिनिटं गप्प बसलो. पण हेच ते उत्तर आहे, ज्याच्यावर सगळा धंदा चालतो. मोठ्या मोटारीचा तोटा हाच, की ती दुखणं झाकते. अर्ध्या अश्वशक्तीची बिचारी अडली असती, थांबली असती, तक्रार केली असती. मग कुणीतरी वर बघितलं असतं. मोठी मोटार तक्रार करत नाही. ती बिघडलेलं दार तसंच, त्याच्या सगळ्या खडखडाटासकट, दामटून वर नेते आणि दामटून खाली आणते. आणि दामटून खाली आणते याचा अर्थ काय, तो मला त्याच दिवशी कळला.

झालं असं, की दाराच्या दोन्ही बाजूंना, जमिनीपासून सहा इंचांच्या आत, दोन छोटे डोळे असतात. एकातून न दिसणारा किरण निघतो, दुसरा तो पकडतो. दार खाली येताना मध्ये काही आलं, किरण तुटला, की दार उलटं वर जातं. ही काही चैनीची सोय नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेत अशा दारांखाली सापडून लहान मुलं दगावली. १९९० मध्ये कायदा झाला आणि १ जानेवारी १९९३ पासून तिकडे घरासाठी बनणाऱ्या प्रत्येक यंत्राला अशी काहीतरी सोय सक्तीची झाली. कायदा होण्याआधी किती आयांनी किती दारांपुढे आक्रोश केला असेल, ते कायद्याच्या कलमांत लिहिलेलं नसतं.

मी खाली वाकून ते डोळे शोधले. दाराच्या दोन्ही बाजूंना नुसत्या रिकाम्या पट्ट्या. डोळे सापडले वर, फळीवर, रंगाच्या डब्यांमागे. चिकटपट्टीनं एकमेकांकडे तोंड करून बांधलेले. रात्रंदिवस एकमेकांकडे टक लावून बसले होते, नव्या लग्नाच्या जोडप्यासारखे. खाली जगात काय चाललंय याची त्यांना शुद्ध नव्हती.

"हे कुणी केलं?"

"अरे, कोळी जाळं करायचा, नाहीतर संध्याकाळचं ऊन पडायचं, की दार बंदच व्हायचं नाही," दाजी म्हणाले. "दर वेळी गाडीतून उतरा, पुसा. कंटाळा आला. मोटार बसवणाऱ्यालाच म्हटलं, यावर काही इलाज कर. त्यानं दोन मिनिटांत केला."

मला विनोदी लेख लिहायची सवय आहे. दाजींना मी त्या वेळी जे बोललो ते मात्र इथं छापण्यासारखं नाही, आणि तिकिटाचे पैसे आठवूनही मी ते बोललो. कारण भाच्याची मुलगी चार वर्षांची आहे. तिची तीनचाकी सायकल त्याच गॅरेजात असते. बापाची गाडी आली की ती पळत खाली जाते, आणि दार मिटायला लागलं की त्याच्याखालून वाकून बाहेर पळायचा तिचा एक खेळ आहे. मी तो दोनदा पाहिला होता आणि 'किती चपळ आहे' म्हणून हसलोही होतो. थकलेली स्प्रिंग, तिच्यावर दामटणारी मोटार आणि आंधळे केलेले डोळे. यात नवं काय घ्यायला हवं होतं, सांगा? एक फडकं. कोळ्याचं जाळं पुसायला.

दाजी काही बोलले नाहीत. ते सायकलवरून उतरले, त्यांनी स्वतः स्टूल आणलं आणि चिकटपट्टी सोडवायला लागले. नखानं निघेना तेव्हा ताईनं कात्री दिली. दुसऱ्या दिवशी एक वयस्कर कारागीर आला. (तोही आमचाच ऐकलेला निरोप गाडीतून उतरता उतरता म्हणाला: "मोटार नको दाखवू, दार दाखव." मला तो जवळचा वाटला.) त्यानं दोन्ही स्प्रिंगा एकदमच बदलल्या, कारण एक थकली की दुसरीही तेवढीच थकलेली असते. ते काम त्यानं लोखंडी सळ्या लावून, तोंड बाजूला ठेवून केलं. पिळलेली स्प्रिंग सुटली तर हाड मोडते, प्रसंगी जीव घेते. घरी पाना आहे म्हणून तिच्या वाटेला कुणी जाऊ नये. बाकीचं काम आम्हालाही जमण्यासारखं होतं. लोखंडी चाकं काढून नायलॉनची घातली. बिजागऱ्यांना आणि स्प्रिंगांना तेलाचा फवारा मारला. रूळ मात्र कोरडे पुसले. रुळात ग्रीस भरणं हा दाजींचा जुना उपाय, त्यात दहा वर्षांची धूळ बसून तिचा हलवा झाला होता. सगळे नट आवळले. मोटार आणि छताच्या तुळया यांच्यामध्ये रबराच्या चकत्या घातल्या. आणि दाराच्या खालच्या कडेची वाळलेली रबरी पट्टी नवी बसवली. शेवटचा जो धाडकन् ठोका होता, तो तिचा होता.

कारागिराला मी विचारलं, स्प्रिंग किती वर्षं चालते? तो म्हणाला, वर्षांवर नसतं, फेऱ्यांवर असतं. साधी स्प्रिंग साधारण १०,००० फेऱ्यांची. एकदा उघडून मिटलं की एक फेरी. कॉमर्सच्या माणसाला असं काही सांगू नये. मी तिथंच हिशेब केला. दिवसाला ४ फेऱ्या धरल्या तर सहा वर्षं आणि दहा महिने. पण या घरात मुख्य दार कुणी वापरतच नाही. भाजी आणायला, पत्र टाकायला, कचऱ्याची पेटी बाहेर काढायला, सगळे गॅरेजातून. दिवसाला १० धरा. पावणेतीन वर्षं. म्हणजे दाजींची स्प्रिंग आपली पूर्ण नोकरी करून, मुदतवाढ घेऊन, वर बिनपगारी राबत होती. आमच्याकडे एवढ्या सेवेबद्दल निदान नारळ आणि शाल तरी देतात.

आणखी एक गोष्ट त्यानं सांगितली. २०१७ च्या ऑक्टोबरात उत्तर कॅलिफोर्नियात वणवे लागले तेव्हा वीज गेली, आणि गॅरेजचं दार उघडता न आल्यामुळे काही माणसं आगीतून निसटू शकली नाहीत. मग त्या राज्यानं १ जुलै २०१९ पासून नव्या यंत्राला बॅटरी सक्तीची केली. न्यू जर्सीत ती सक्ती नाही, पण दाजींच्या यंत्रात बॅटरी होती. होती म्हणजे, जागा होती. बॅटरी म्हातारी झाली की यंत्र मधूनमधून चिवचिवतं. त्या चिवचिवाटानं झोपमोड होते म्हणून दाजींनी ती काढून ठेवली होती. रात्री एक वाजताचा भूकंप चालतो, चिमणी चालत नाही! बॅटरी नवी आणली. पण मी आईला आणि ताईला त्याच दिवशी लाल दोरी ओढून दार हातानं उचलायला शिकवलं. आईचं वय अठ्ठ्याहत्तर. नव्या स्प्रिंगांचं ते दार तिनं एका हातानं वर नेलं, आणि दुसऱ्या हातानं पदर सावरला.

हे सगळं परमुलखातलं, आपल्याला काय करायचंय, असं वाचकांना वाटेल. पण आता पुण्या-नाशकाच्या बंगल्यांनाही रिमोटची शटरं लागली आहेत, आमच्या साताऱ्यातही एक-दोन डॉक्टरांकडे आहेत, आणि सोसायट्यांची फाटकं तर बटणावर सरकू लागली आहेत. तिथंही मी तेच पाहतो. मोटार नवी, फाटकाचा रूळ खडी आणि गुटख्याच्या पुड्यांनी भरलेला. सुरक्षेच्या डोळ्यावर नारळाची झावळी. वीज गेली की शटर हातानं फिरवायची कळ कुठं ठेवली आहे ते फक्त बसवून गेलेल्या माणसाला ठाऊक, आणि त्याचा फोन लागत नाही. नवं शटर घेणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच: विक्रेत्याला अश्वशक्ती विचारू नका. त्याला म्हणावं, आत्ता इथला मेन स्विच बंद कर आणि माझ्या बायकोच्या हातानं हे शटर उघडून दाखव. जो घाम पुसायला लागेल त्याच्याकडून घेऊ नका.

आणि फळी ठेवा. ती राहिलीच सांगायची. डोळ्यांखेरीज दाराला स्पर्शाचीही जाण असावी लागते: खाली काही लागलं की उलटं फिरण्याची. ती तपासायला दीड इंच जाडीची लाकडी फळी दाराच्या वाटेत, मधोमध, जमिनीवर आडवी ठेवायची आणि दार सोडायचं. फळीला टेकताच दार परत फिरलं पाहिजे. दर महिन्याला एकदा. दाजींनी आधी पोळपाट मागितला, तो ताईनं दिला नाही. तो साताऱ्याहून नेलेला आहे. मग त्यांनी फळी आणली, तिच्यावर तारखांसाठी रकाने आखले, आणि मी आईला घेऊन परतल्यावर दर एक तारखेला त्यांचा मोबाईलवर फोटो यायला लागला: फळी, तिच्यावर टेकून मागे फिरलेलं दार, आणि शेजारी तारीख. बँकेत दिवसाचा हिशेब जुळल्यावर होतो तसा आनंद मला त्या फोटोनं होतो.

गेल्या महिन्यात फोटो आला नाही. तीन तारखेला मी विचारलं. "अरे, फळीच सापडत नाहीये," दाजींनी कळवलं. मी ताईला फोन लावला. दहा मिनिटांत फळी सापडली.